सीएची फी भरली म्हणजे दंडातून सुटलो?

आडतवाला, लातूर:
काल एका सीएसाहेबांनी इथं आयकर रिटर्नबद्दल लिहिलं, "सही तुमची, मग दंडही तुमचाच." डोकंच फिरलं. मग फी कशाची देतो? मोंढ्यात माझी कच्ची आडत, माल शेतकऱ्याचा, मला फक्त कमिशन. सल्लागारांनी पत्रच दिलं होतं, उलाढाल म्हणजे कमिशनच, ऑडिट लागत नाही. तरी ऑडिट केलं नाही म्हणून आयकर खात्याची दीड लाखाच्या दंडाची नोटीस आली. विक्रीच्या पट्ट्या, वह्या, ते पत्र, अन् कच्च्या आडतीत उलाढाल म्हणजे कमिशनच असं सांगणारं सीबीडीटीचं, म्हणजे आयकराच्या केंद्रीय मंडळाचं, १९८६ चं ४५२ नंबरचं परिपत्रक, सगळं समोर ठेवलं. दंड सुटला.

गुरुजी, सेलू:
मालक, तुमच्याकडं कागद होता. आमच्या शाळेतल्या सात जणांनी रिफंड काढून देणाऱ्याला दहा टक्के दिले. त्यानं रिटर्नमध्ये राजकीय पक्षाला देणगी दाखवली, आमच्या मोबाइलवर ओटीपी आला, फोनवरच सांगितला. आता तो फोन उचलत नाही अन् नोटीस आमच्या नावावर. आम्ही विश्वास ठेवला, हा गुन्हा?

आडतवाला, लातूर:
देणगी दिलीच नव्हती, मग रिफंड कशाचा आला, हे विचारलं नाही? पोरांना गणित शिकवता ना?

गुरुजी, सेलू:
शाळेवर जाऊ नका. सोयाबीनच्या पट्टीत हमाली, तोलाई कशी कापता ते माझ्या बापानं जन्मभर पाहिलंय. क्विंटलमागं किती जातं, ते आधी इथं लिहा.

आडतवाला, लातूर:
बाजार समितीच्या दरानंच कापतो! उगाच काहीही बोलायलात. पट्टी घेऊन या, दाखवतो.

करसल्लागार, नांदेड:
भांडण मोंढ्यातच मिटवा. १९६१ च्या आयकर कायद्यात ऑडिटच्या दंडाला कलम २७३ब चं वाजवी कारण चालतं, आडतवाले त्यावर सुटले. उत्पन्न कमी किंवा खोटं दाखवल्याच्या दंडाचं कलम २७०अ हे २७३ब च्या यादीत नाही. तिथं सगळी माहिती उघड करून प्रामाणिक खुलासा द्यावा लागतो. कमी उत्पन्न दाखवलं तर त्यावरच्या कराच्या ५० टक्के दंड, खोटी वजावट असेल तर २०० टक्के. न दिलेल्या देणगीचा प्रामाणिक खुलासा कसा देणार, गुरुजी?

गुरुजी, सेलू:
बरं, देणगीचं मान्य. ओटीपी द्यायला नको होता. पण तुम्ही लोक लेखी देता कुठं? मी चार वर्षं फी भरली, एक ओळ हातात नाही.

करसल्लागार, नांदेड:
हे खरंय. आमच्यातले बरेच जण तोंडीच सांगतात. तुम्हीच ई-मेलवर सगळी माहिती टाकून विचारा, उत्तर जपून ठेवा.

आडतवाला, लातूर:
माझं पत्र मी मागून घेतलं होतं, आपोआप नाही मिळालं. अन् गुरुजी, बापाची पट्टी असेल तर खरंच आणा.