शेवटचे १३ सेकंद : प्रिव्हेंट डिफेन्स शहाणपणाचा की भित्रेपणाचा?

चौथा_डाउन :
अमेरिकन फुटबॉलमध्ये आघाडीवरचा संघ शेवटच्या मिनिटाला प्रिव्हेंट लावतो. म्हणजे क्वार्टरबॅकच्या (पास फेकणाऱ्याच्या) अंगावर तीनच गडी सोडायचे, बाकी आठ मागे, सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) वीस-पंचवीस यार्ड खोल. लांबचा पास मिळू द्यायचा नाही, जवळचे हवे तेवढे घ्या. माझ्या मते हा निव्वळ घाबरटपणा आहे. ज्या बचावाने तीन तास आघाडी राखली, तोच ऐन वेळी मोडायचा कशाला?

२३ जानेवारी २०२२, कॅन्सस सिटी. बफलो बिल्स ३६-३३ पुढे, १३ सेकंद बाकी. त्या मोसमात सर्वांत कमी गुण देणारा बचाव बिल्सचाच. यजमान चीफ्सचा चेंडू स्वतःच्या गोलरेषेपासून २५ यार्डांवर, हातात तीन टाइमआउट (घड्याळ थांबवायच्या संधी). क्वार्टरबॅक माहोम्सचा टायरीक हिलला १९ यार्डांचा पास, टाइमआउट. ट्रॅव्हिस केल्सीला २५, टाइमआउट. १० सेकंदांत ४४ यार्ड! मग बटकरची ४९ यार्डांची किक, म्हणजे तीन गुणांचा फील्ड गोल, ३६-३६. ओव्हरटाइममध्ये बिल्सच्या हाताला चेंडू लागलाच नाही.

खोल_सेफ्टी :
दुखणं खरं, औषध चुकीचं. दुसरे १३ सेकंद बघा. ६ डिसेंबर २०२०, जेट्स २८-२४ पुढे, रेडर्सचा चेंडू जेट्सच्या ४६ यार्डांवर, आणि त्यांना टचडाउनच (चेंडू गोलरेषेपलीकडच्या एंड झोनमध्ये, सहा गुण) हवा, फील्ड गोल कामाचा नाही. बचाव प्रशिक्षक ग्रेग विल्यम्सने ब्लिट्झ सोडला, म्हणजे क्वार्टरबॅकवर जादा गडी, मागे एकही सेफ्टी नाही. हेन्री रग्जसारखा वाऱ्यासारखा पळणारा गडी एका नवख्या कॉर्नरच्या (कडेच्या बचावपटूच्या) भरवशावर. एक पास, टचडाउन, ३१-२८. विल्यम्सची नोकरी दुसऱ्या दिवशी गेली. तिथे साधा प्रिव्हेंट लावला असता तर पंधरा-वीस यार्ड गेले असते, सामना नाही.

घड्याळजी :
दोघेही सेकंद मोजताय, गुण आणि टाइमआउट मोजत नाही. चार ते आठ गुणांची आघाडी असेल तर प्रतिस्पर्ध्याला पूर्ण मैदान कापावं लागतं. त्याला मैदानाच्या आत पकडलं की घड्याळ चालूच राहतं. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये फर्स्ट डाउन (दहा यार्ड कापल्यावर मिळणारे नवे प्रयत्न) मिळाल्याने घड्याळ थांबत नाही. टाइमआउट संपलेले असतील तर पुढे धावून रांग लावायची, घड्याळ थांबवायला चेंडू जमिनीवर आपटायचा, तोही घड्याळात किमान तीन सेकंद असतील तरच. अशा वेळी प्रिव्हेंट सोन्यासारखा.

तीनच गुणांची आघाडी असेल तर हिशेब उलटा होतो. चेंडू गोलरेषेपासून जितक्या यार्डांवर आहे त्या आकड्यात १८ मिळवा, तेवढ्या अंतराची किक. ३१ यार्डांवर पोचले की झालं, ४९ची किक. म्हणजे राखायची रेषा गोलरेषा नव्हेच, ती ४० यार्डांच्या आसपास असते. बिल्सचे गडी तिच्याही मागे उभे. आणि समोर टाइमआउट शिल्लक असताना साइडलाइन राखून काय मिळवलं? मधला रस्ता मोकळा होता.

चौथा_डाउन :
मग टचडाउन लागत असतानाही हा प्रकार नडतो त्याचं काय? २७ ऑक्टोबर २०२४, बेअर्स १५-१२ पुढे, सहा सेकंद...

खोल_सेफ्टी :
अहो, १५-१२ म्हणजे तीनचीच आघाडी. :) पण पुढे बोला.

चौथा_डाउन :
मान्य. पण चेंडू कमांडर्सच्या स्वतःच्या ३५वर, तिथून किक शक्यच नव्हती, म्हणजे व्यवहारात टचडाउनच. बेअर्सनी साइडलाइनला १३ यार्ड जवळजवळ आंदण दिले, दोन सेकंद उरले. क्वार्टरबॅक फेकायच्या आधी मागे सरकतो. ३५वरून तो चेंडू एंड झोनपर्यंत पोचवणं बहुतेकांच्या खांद्याला जमत नाही, ४८वरून जमतं. वर दबाव इतका तोकडा की जेडन डॅनियल्स बारा सेकंदांहून जास्त वेळ चेंडू घेऊन हिंडत होता. ५२ यार्डांचा टचडाउन, १८-१५.

खोल_सेफ्टी :
ते १३ यार्ड चुकलेच. पण नोआ ब्राउनला अडवायचं काम ज्याच्याकडे, तो कॉर्नर खेळ सुरू झाला तेव्हा प्रेक्षकांकडे वळून हातवारे करत होता. नंतर धावत येऊन चेंडूला हात लावला तो नेमका ब्राउनकडे उडाला. हे कुठल्या आराखड्यात बसतं? खोलीचं महत्त्व बघायचं तर १२ जानेवारी २०१३चा डेन्व्हर बघा. ब्रॉन्कोज ३५-२८ पुढे, रेव्हन्स स्वतःच्या ३०वर. सेफ्टी रहीम मूरने उडी मारली, चेंडू डोक्यावरून गेला, जकोबी जोन्सला ७० यार्डांचा टचडाउन. पाच यार्ड मागे असता तर?

घड्याळजी :
बफलोकडे परत येतो, कारण खरी चूक पहिल्या पासच्या आधीची. त्यांचा किकऑफ थेट एंड झोनमध्ये गेला, टचबॅक, म्हणजे चेंडू न पळवता थेट २५वर, एक सेकंदही खर्च नाही. जमिनीवरून सरपटती स्क्विब किक मारायला हवी होती. मग पास झेलणाऱ्या रिसीव्हरना पहिल्या पाच यार्डांत दणकवायचं. तिथपर्यंत धक्का देणं नियमात बसतं.

चौथा_डाउन :
स्क्विब ४०वर उचलली तर पंधरा यार्ड फुकट दिले ना?

घड्याळजी :
दिले. पण चार सेकंदही गेले, उरले नऊ. त्यातला हिलचा पास पाच खातो. चार सेकंद बाकी, चेंडू बफलोच्या ४१वर. आता दुसऱ्या पासला वेळ नाही, आणि किक ५९ यार्डांची.