अभ्यासकानं संगीतकाराची बाजू घ्यावी का? निमित्त निकोलस स्लोनिम्स्की

धंतोलीकर:
रविवारी घरच्या बैठकीत आठ-नऊ जणांना अमेरिकन संगीतकार चार्ल्स आयव्ह्जची ‘थ्री प्लेसेस इन न्यू इंग्लंड’ ही वाद्यवृंदाची रचना ऐकवली. तिच्या दुसऱ्या भागात दोन बँड वेगवेगळ्या लयीत एकमेकांवर येऊन आदळतात. आपल्या नागपुरात तान्हा पोळ्याला काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतले दोन मोठे पुतळे, समोरासमोर येतात तेव्हा इतवारीत उभं राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. एका कानात एक ताशा, दुसऱ्या कानात दुसरा, आणि मधे आपण.

ही रचना 1931 साली न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा वाजवून घेतली ती निकोलस स्लोनिम्स्कीनं. सेंट पीटर्सबर्गला 1894 मध्ये जन्मलेला हा माणूस पुढे संगीताचा मोठा अभ्यासक आणि कोशकार म्हणून ओळखला गेला. आयव्ह्जचं आयुष्य विमा व्यवसायात गेलं होतं, संगीतकार म्हणून त्याला जवळजवळ कुणी ओळखत नव्हतं. दोन लयी सांभाळायला स्लोनिम्स्की एका हातानं एक आणि दुसऱ्या हातानं दुसरी दाखवायचा. एडगर व्हारेझ या संगीतकाराची ‘आयोनायझेशन’ही 1933 मध्ये त्यानंच पहिल्यांदा सादर केली. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोल या खुल्या रंगमंचावर असं संगीत वाजवलं, लोक भडकले आणि त्याचं संगीत-संचालन जवळपास तिथंच संपलं. माझं म्हणणं एवढंच आहे: न ऐकलेल्या संगीताबद्दल कुणालाच मत देता येत नाही. ते आधी कुणीतरी पदरमोड करून, नाव पणाला लावून ऐकवावं लागतं, आणि हे अभ्यासकाचं पहिलं काम आहे.

महालचा_पेटीवाला:
धंतोलीकर, पदरमोड कुणाची ते सांगायचं राहिलं. 1931 मध्ये स्लोनिम्स्कीनं पॅरिसला नव्या संगीताच्या मैफली केल्या, त्यांचे पैसे आयव्ह्जनं दिले होते, आणि त्या मैफलींत आयव्ह्जचीच रचना होती. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याबद्दल अभ्यासक निःपक्ष कसा राहणार? मी तीस वर्षं मुलांना गाणं शिकवतोय. एका संस्थेत परीक्षकच एका घराण्याचे पाठीराखे होते, त्यात माझी एक गुणी विद्यार्थिनी मागे राहिली. तेव्हापासून बाजू घेणाऱ्या जाणकाराची मला भीतीच वाटते.

स्लोनिम्स्की मोठा आहेच, पण त्याच्या कोशामुळे. मोझार्टच्या अंत्ययात्रेला वादळ होतं ही गोष्ट शंभर ठिकाणी छापली गेली. यानं व्हिएन्नाच्या हवामान खात्याकडून त्या दिवसाची नोंद मागवली आणि वादळ नव्हतंच असं दाखवून दिलं. मला असा अभ्यासक हवा.

रेशीमबाग_७२:
पेटीवाले काका, तुमचं दुःख खरं आहे. पण पॅरिसच्या त्या कार्यक्रमांत फक्त आयव्ह्ज नव्हता. व्हारेझ, अमेरिकेचा रगल्स हे संगीतकार होते, क्यूबाचे रोल्दान आणि कातुर्ला होते. आयव्ह्जच्या पैशातून इतरांचंही संगीत वाजलं. आणि मोझार्टचं हवामान तपासणारा तोच माणूस आहे ना? नोंदीत चोख आणि आवडीत ठाम, दोन्ही एका अंगात असू शकतं.

घरी ‘आयोनायझेशन’ लावली तर बाबा आतल्या खोलीतून बाहेर आले. तेरा वादक, बहुतेक सगळी तालवाद्यं आणि दोन सायरन. बाबा म्हणाले, “हा तर गिरणीचा भोंगा!” आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. मग शेवटपर्यंत बसले. आवडलं का विचारलं तर म्हणाले, “परत लाव.”

महालचा_पेटीवाला:
बाबांना माझा नमस्कार सांग. तरी मुद्दा तिथंच आहे. आपल्याकडे संगीताचे अभ्यासक विष्णु नारायण भातखंड्यांनी बंदिशींच्या क्रमिक पुस्तकांचे सहा भाग काढले. किती घराण्यांच्या, किती अनाम लोकांच्या बंदिशी त्यांत आहेत! ज्यांची नावं कुणी घेत नाही, त्यांच्या चिजा आज माझ्या वर्गातली सहावीतली पोर गाते. त्यांनी एकाचा झेंडा धरला नाही, सगळं लिहून ठेवलं आणि निवड गाणाऱ्यावर सोडली.

धंतोलीकर:
त्याच पुस्तकांत ‘चतुर’ या नावानं त्यांची स्वतःची लक्षणगीतंही, म्हणजे रागाची लक्षणं सांगणारी गाणी, आहेत, काका. आणि थाटांची, म्हणजे रागांच्या गटांची, जी मांडणी त्यांनी केली ती ठाम बाजूच होती, अजूनही तिच्यावर वाद चालतात. लिहून ठेवणं म्हणजेसुद्धा निवडणं आलं. शिवाय बंदिश कागदावर असली तरी गळ्यातून येईपर्यंत ती मुकी असते, हे तुम्हीच मला शिकवलंत. आयव्ह्जची तिसरी सिंफनी साधारण चाळीस वर्षं कागदावरच पडून होती. 1946 ला वाजली आणि 1947 ला तिला पुलित्झर हा अमेरिकेतला मोठा पुरस्कार मिळाला. तो तेव्हा सत्तरीच्या पुढे होता. आधी कुणी वाजवली असती तर?

पैशाचं मात्र तुमचं बरोबर. मी ते सांगायला हवं होतं. पुढच्या रविवारी रगल्स लावतोय, तेव्हा सुरुवातीलाच सांगेन.

महालचा_पेटीवाला:
रविवारी येतो. फक्त सुरुवातीला काही सांगू नकोस. आधी ऐकव, मग कुणी पैसे दिले आणि कुणी वाजवलं ते सांग.