मदत हवी आहे: जुडा बेंजामिनच्या घरच्या गोष्टी कशा लिहाव्यात?

नमस्कार मंडळी,

आमच्या वकील संघाच्या दिवाळी अंकासाठी जुडा बेंजामिनवर लेख लिहितेय. मालविक्रीच्या खटल्यात इंग्लिश कायद्याचा आधार शोधताना आपण ज्याचा जाडजूड ग्रंथ काढतो, तोच हा. पहिली आवृत्ती १८६८ ची, लंडनची. त्याआधी तीनच वर्षं हा गृहस्थ अमेरिकेच्या यादवीत हरलेल्या दक्षिणेचा परराष्ट्रमंत्री होता, हे आमच्या बाररूममध्ये सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही.

कारकीर्द लिहून झाली आहे. जन्म १८११, कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावर, ज्यू घरात. बेट तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात, म्हणून जन्माने ब्रिटिश प्रजा; लंडनला सनद घेताना ते कामी आलं. पुढे अमेरिकेत, चार्ल्स्टनला आई फळांचं दुकान चालवायची. येल अर्धवट सोडून न्यू ऑर्लिन्सला वकिली, १८५३ पासून लुइझियानाचा सिनेटर. त्याच सुमारास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातली जागा पुढे आली होती, ती यानेच नाकारली. युद्ध हरल्यावर फ्लोरिडातून वेष पालटून पळाला आणि पन्नाशी उलटल्यावर लंडनमध्ये नव्याने वकिली मांडली.

अडलंय ते संसारापाशी. १८३३ मध्ये नाताली सेंट मार्टिनशी लग्न झालं. ती सोळा वर्षांची, फ्रेंच बोलणाऱ्या कॅथलिक घरातली; हा तिला इंग्रजी शिकवायचा आणि स्वतः फ्रेंच शिकायचा. मुलगी निनेट लहान असतानाच, १८४५ च्या सुमारास नाताली तिला घेऊन पॅरिसला गेली. मध्यंतरी थोडे दिवस वॉशिंग्टनला येऊन राहिली, एवढंच. हा पैसे पाठवत राहिला, जमेल तसा भेटायला जात राहिला. एका छपराखाली सलग राहिले ते १८८३ मध्ये त्याने वकिली सोडल्यावर, आणि १८८४ च्या मे महिन्यात तो गेलाच.

ती का गेली? जो तो कुजबूज छापतो. तिच्या पत्रातलं जेमतेम एक वाक्य सगळीकडे फिरतं, काटकसरीचं बोलू नका, दमायला होतं अशा अर्थाचं. तेवढ्यावर तिला उधळी ठरवून सगळे मोकळे! यानं तर खासगी कागद जाळूनच टाकले होते. मग या भागात लिहू काय? विश्वासार्ह असं काही कुठे सापडेल?

— सनदधारी

जुनी_फाईल: ताई, पत्रं जाळता येतात, दप्तरखान्यातले दस्त नाही. न्यू ऑर्लिन्सला फ्रेंच वळणाची नोटरीची पद्धत होती. लग्नाचे करार, घरांची, जमिनींची आणि माणसांचीही खरेदीखतं नोटरीकडे व्हायची, आणि ती आजही जपून ठेवली आहेत. नातालीच्या हुंड्यात तीन हजार डॉलर आणि दोन गुलाम मुली होत्या. कुजबुजीपेक्षा मी हा कागद वर ठेवेन. सरकारी पत्रव्यवहार हवा असेल तर दक्षिणेच्या परराष्ट्रखात्याची कागदपत्रं अमेरिकन सरकारने १८७२ मध्ये ७५ हजार डॉलर मोजून विकत घेतली, ती वॉशिंग्टनला काँग्रेसच्या ग्रंथालयात आहेत. घरचं त्यात फारसं मिळणार नाही.

कोर्टपक्षी: नवरा-बायकोचं कशाला उकरताय? त्यापेक्षा क्रेओल जहाजाचा खटला घ्या. १८४१ मध्ये जहाजावरच्या गुलामांनी बंड करून ते इंग्रजांच्या बहामाकडे वळवलं; तिथे गुलामगिरी बंद झालेली, त्यामुळे ते सुटले. गुलामांच्या मालकांनी विम्याचे पैसे मागितले आणि बेंजामिन विमा कंपनीतर्फे उभा राहिला. युक्तिवाद काय, तर गुलाम हा माणूस आहे, त्याला भावना आहेत, तो संधी मिळताच उठणारच. कंपनी जिंकली. आणि याच दशकात त्याच्या बेलशासच्या उसाच्या मळ्यावर सुमारे १४० गुलाम राबत होते. अशिलासाठी बोलला म्हणून त्याला उदार समजू नका, एवढं लेखात नक्की लिहा.

जुनी_फाईल: खटला घ्याच, पण तो घरापासून वेगळा कसा काढणार? नाताली गेल्यावर त्याने आई आणि विधवा बहिणीला त्याच मळ्यावर आणलं. घर चाललं ते त्या १४० जणांच्या कष्टावर. आणि ताई, १८५० च्या जनगणनेत गुलामांच्या याद्या वेगळ्या आहेत, पण त्यात नाव मालकाचं असतं. गुलामांचं फक्त वय, लिंग, रंग. नावं हवी असतील तर पुन्हा नोटरीच्या खरेदीखतांकडेच यावं लागेल.

सनदधारी: दोघांचेही आभार. कुजबूज काढून टाकते. संसाराचा भाग हुंड्याच्या करारापासून सुरू करेन आणि क्रेओलचा खटला त्यालाच जोडेन. त्या दोन मुलींची नावं मूळ करारात असतील तर लेखात ती यायला हवीत. न्यू ऑर्लिन्सला किंवा जवळपास राहणारं आपल्यापैकी कोणी आहे का? नोटरीच्या दप्तरात जाऊन १८३३ चा तो करार बघता येईल का? नक्कल काढायचा खर्च मी देईन. करार फ्रेंचमध्ये असला तर वाचून देणारंही कोणीतरी लागेल.