दादरचे फलाट १ ते १४: सोय झाली की नुसती पाटी बदलली?

चौथी_सीट (धागाकर्ता)

९ डिसेंबर २०२३ पासून दादरला मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे नंबर आले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ होते तसेच राहिले. तेव्हापासून "दादर आता सोपं झालं" हे इतक्या जणांकडून ऐकलंय की विरुद्ध बाजू मांडायची हुक्की आली.

माझं म्हणणं थोडक्यात: नंबर बदलल्याने दादरचा एकही मोठा प्रश्न सुटलेला नाही. दोन रेल्वेंनी मिळून काहीतरी केलं असं दिसलं मात्र, आणि जे करायला हवं होतं ते मागे पडलं.

दादर एक स्टेशन म्हणून कोणी आखलंच नव्हतं. जीआयपी कंपनीची गाडी १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती पूर्वेकडच्या मार्गाने. बीबीसीआय कंपनी गुजरातकडून उतरत उतरत १८६४ मध्ये ग्रँट रोडला पोचली ती पश्चिमेकडून. कंपन्या वेगळ्या, हिशेब वेगळे. बेट अरुंद असल्यामुळे परळ-दादरच्या पट्ट्यात दोघींचे रूळ शेजारी आले आणि दादर ओलांडल्यावर पुन्हा फाकले: एक फाटा माटुंग्याला, दुसरा माटुंगा रोडला. ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य आणि पश्चिम अशी नवी नावं मिळाली, पण वाटणी तीच राहिली. आजही आरक्षण करताना दादर दोनदा दिसतं, एक डीआर आणि एक डीडीआर. दोन स्टेशनांना सलग नंबर देऊन ती एक होत नाहीत.

आणि रोजचा माणूस नंबर बघतो कुठे? पुलाच्या जिन्यासमोर कितवा डबा लागतो हे त्याला पाठ असतं. त्याला हवेत रुंद फलाट, रुंद जिने आणि संध्याकाळच्या गर्दीत मध्येच बॅगांचे डोंगर नसणं. या शेवटच्या गोष्टीवर माझा उपाय पुष्कळांना झोंबेल: दादरहून सुटणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या बंद करा. कुर्ल्याचं टर्मिनस आहे, पनवेल आहे. दादर लोकलला द्या.

या आता लाटणी घेऊन.

टीटीवाला

रोजचा माणूस नंबर बघत नाही हे खरं, पण नंबर त्याच्यासाठी लावलेलेच नाहीत. जो वर्षातून एकदा येतो त्याच्यासाठी आहेत.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारे लोक बघा. विदर्भ-मराठवाड्यातून, नागपूरच्या विशेष गाड्यांनी आलेले. सेंट्रलला उतरायचं आणि अख्खं स्टेशन ओलांडून पश्चिमेला शिवाजी पार्काकडे जायचं. परतताना त्यांच्यासमोर पूर्वी दोन "फलाट क्रमांक १" असायचे. एक वेस्टर्नचा, पार पश्चिमेच्या कडेला. दुसरा सेंट्रलचा, स्टेशनच्या पोटात. मधल्या पुलावर उभं राहिलं की दोन्हीकडच्या घोषणा एकदमच कानावर यायच्या. आज कोणालाही सांगता येतं की पश्चिमेकडून मोजत जा, आकडा वाढत जाईल. माझी तक्रार असलीच तर एवढीच की पाट्या ६ तारखेच्या आधी बदलायला हव्या होत्या, तीन दिवस नंतर बदलल्या.

इतिहास तुम्ही छान सांगितलात, पण तोच तुमच्या विरुद्ध जातो. माटुंगा आणि माटुंगा रोड यांची नावं तरी वेगळी आहेत. परळला लागून वेस्टर्नचं स्टेशन आहे ते आधी एल्फिन्स्टन रोड होतं, १९ जुलै २०१८ पासून प्रभादेवी. तिथेही नावं वेगळी, म्हणून "परळचा एक नंबर" म्हटल्यावर घोळ होत नाही. दोन रेल्वे, एकच नाव आणि फलाटांच्या दोन माळा हा प्रकार दादरलाच होता. अंधेरी-वांद्र्याला सेंट्रलच्या हार्बर गाड्या येतात, पण तिथे नंबर पहिल्यापासून सलग आहेत. तिथे कोणी म्हणत नाही की आम्हाला फसवलं.

मधला_पूल

दोघांनाही एक तपशील द्यायचा राहिलाय, आणि माझ्या मते सगळं त्यातच आहे.

सेंट्रलचे पूर्वी आठ फलाट होते, १ ते ८. आता ८ ते १४, म्हणजे सात. एक गेला कुठे? जुना २ नंबर. १५ सप्टेंबर २०२३ पासून तो बंद केला आणि ती जागा १ नंबरला जोडून घेतली. जुना १ साधारण २७० मीटर लांब आणि जेमतेम ७ मीटर रुंद होता, तो १०.५ मीटर करायचं ठरलं. दादरहून सुटणाऱ्या आणि दादरलाच संपणाऱ्या २२ धीम्या फेऱ्या परळला नेल्या. परळला टर्मिनस ३ मार्च २०१९ पासून होतंच, म्हणून ते जमलं.

म्हणून नव्या नंबरांत एक गंमत आहे. जुन्या १ चा ८ झाला, म्हणजे सात मिळवायचे. पण जुन्या ३ चा ९ झाला, ४ चा १०, तसंच पुढे ८ चा १४. तिथे सहाच मिळवायचे. सुरुवातीला "सात मिळवा" असं ठामपणे सांगणारे लोक पुलावर भेटत होते, त्यांनी किती जणांना भलत्याच फलाटावर धाडलं असेल देव जाणे.

मुद्दा असा की पाटी बदलण्याआधी तीन महिने फलाट रुंद करायला घेतला होता. "रुंदी हवी होती, नंबर दिले" हा धागाकर्त्याचा आरोप त्यामुळे टिकत नाही. रुंदीसाठी फलाट गेला आणि सेंट्रलच्या माळेत भोक पडलं. ते तसंच ठेवून १, ३, ४ असं मोजत बसायचं होतं का?

चौथी_सीट

मधला_पूल, माहिती चोख आहे, पण ती माझ्या बाजूने बोलते असं मला वाटतं. एक फलाट रुंद करायला एक फलाट मारावा लागला आणि २२ फेऱ्या हलवाव्या लागल्या. म्हणजे दादरला जागा शिल्लकच नाही. पश्चिमेला सेनापती बापट मार्ग आणि फूलबाजार, पूर्वेला रस्ता आणि वस्ती. आता आणखी एक फलाट रुंद करायचा झाला तर काय मारणार? मी तेच विचारतोय: धीम्या लोकल परळला पाठवता, मग मेल गाड्या का नाही? लोकलचा प्रवासी गरीब गाय, त्याला हलवलं की कोणी मोर्चा काढत नाही.

टीटीवाला, वर्षातून एकदा येणाऱ्यासाठी नंबर हवेत, मान्य. मग रोज येणाऱ्यासाठी काय, ते सांगा.

दिव्याला_उतरा

"मोर्चा काढत नाही"? साहेब, आमचं कोकण तुमच्या हिशेबात बसतच नाही वाटतं.

दादर-रत्नागिरी पॅसेंजर होती. आरक्षण नको, भाडं कमी, वाटेतल्या लहान स्टेशनांवर थांबणारी. कोविडनंतर ती दिव्याहून सोडायला लागले. कारण दिलं मार्गावरच्या गर्दीचं आणि वक्तशीरपणाचं. आता गिरगाव, लालबाग, परळमधल्या म्हाताऱ्या माणसांनी बोचकी घेऊन आधी लोकलने दिव्याला जायचं, तिथल्या फलाटावर उभं राहायचं आणि मग गाडी. गणपतीच्या आठवड्यात हे करून बघा. आणि त्याच दादरहून गोरखपूर आणि बलियाच्या विशेष गाड्या सोडता येतात, तेव्हा मार्गावर गर्दी नसते! त्या प्रवाशांशी माझं भांडण नाही, त्यांनाही घरी जायचंय. पण जागा नाही हे कारण एकालाच कसं लागू पडतं?

राहिली तुमची संध्याकाळची गर्दी. तुतारी एक्स्प्रेस दादरहून सुटते रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी. त्या वेळी तुमच्या कोणत्या फास्ट कर्जतला आडवी येते ती? पुदुच्चेरी, तिरुनेलवेलीच्या गाड्याही रात्रीच्याच. तुम्ही ज्या बॅगांच्या डोंगराला वैतागलात तो संध्याकाळी सहाचा नाहीच.

कुर्ल्याचं टर्मिनस म्हणे. बोरिवली-विरारच्या माणसाने तिथे जायचं कसं? दादरला गाडी बदलायची, कुर्ल्याला उतरायचं, पुढे रिक्षा. म्हणजे बॅग घेऊन दादरला तो येणारच, उलट दोन जिने जास्त चढणार. वेस्टर्नच्या कोकणी माणसाला दादरसारखी जागा दुसरी नाही. दोन रेल्वे शेजारी आल्या हा तुम्हाला इतिहासाचा अपघात वाटतो, आम्ही त्या अपघातावरच गावाला जातो.

फुलबाजार

दिव्याला_उतरा यांच्या पोटतिडकीबद्दल आदर, पण गाडीची वेळ आणि फलाट एवढ्यावर हिशेब संपत नाही.

कुर्ला ते सीएसएमटी सेंट्रलला मेन लाइनचे चारच मार्ग आहेत, दोन धीमे आणि दोन जलद. पाचवा-सहावा मार्ग ठाणे-दिवा दरम्यान फेब्रुवारी २०२२ मध्ये पूर्ण झाला, कुर्ल्याच्या अलीकडे अजून काम चालू आहे. त्यामुळे दादरहून सुटणारी प्रत्येक मेल गाडी कुर्ल्यापर्यंत लोकलच्या जलद मार्गावरून जाते. तुतारी रात्री सुटते हे बरोबर, पण सकाळी ती परतही येते, आणि सकाळी त्या मार्गावर काय चालू असतं ते सांगायला नको. म्हणून धागाकर्त्यांचं निदान मला पटतं, औषध पटत नाही. गाड्या हाकलण्याऐवजी परळ-कुर्ला पट्ट्यातले वाढीव मार्ग आधी पूर्ण करण्याचा आग्रह धरायला हवा. ते झाले तर पॅसेंजर परत आणायला अडचण काय, हा प्रश्न अधिकाऱ्यांना विचारता येईल.

आणि सलग नंबरांमुळे झालेला एक फायदा कोणीच लिहिला नाही. पूल. एका रेल्वेच्या हद्दीतून दुसऱ्या रेल्वेच्या हद्दीत नेणारा पूल कोणाचा, हा प्रश्न या शहराने फार महाग किमतीला शिकलाय. २९ सप्टेंबर २०१७, परळ-एल्फिन्स्टनच्या पुलाचा जिना, चेंगराचेंगरीत गेलेली २३ माणसं. त्यानंतर लष्कराकडून नवा पूल बांधून घेतला, तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. दादरच्या पुलांवर आता १ ते १४ चे बाण एकाच पाटीवर लावावे लागतात. पाटी एक झाली की दोन्ही कचेऱ्यांना एकमेकींशी बोलावं लागतं. छोटी गोष्ट आहे, पण या दोघींच्या बाबतीत मोठीच म्हणायची.

अवांतर: सप्टेंबर २०२५ मध्ये प्रभादेवीचा वाहनांचा जुना पूल पाडायला घेतल्यापासून दादरच्या टिळक पुलावरची कोंडी बघवत नाही. पूर्व-पश्चिम ये-जा करणारे पादचारीही स्टेशनच्या पुलांकडे वळतात. त्यांना फलाटाशी काही देणंघेणं नाही, पण पुलावर जागा तेही घेतात.

चौथी_सीट

"एकमेकींशी बोलावं लागतं" याचा पुरावा मला पाटीपलीकडे दिसत नाही. संध्याकाळी सेंट्रलच्या दोन गाड्या आणि वेस्टर्नची एक अशा एका मिनिटात रिकाम्या झाल्या तर मधल्या पुलावरची माणसं कुठून कुठे वळवायची, हे दोन्हीकडे बसून एकत्र ठरवणारी एक खोली आहे का? १ ते १४ केलंत, तर पुलांसाठी एक नियंत्रण कक्ष करा, एकच स्टेशन व्यवस्थापक नेमा. ते होत नाही तोवर मी याला रंगकामच म्हणणार.

दिव्याला_उतरा, रात्री १२ च्या गाडीबद्दलचा मुद्दा बिनतोड आहे. पण दुपारच्या पॅसेंजरला तो लागू होत नाही, तिच्यासाठी फलाट दिवसाढवळ्या अडतो.

टीटीवाला

एकच व्यवस्थापक हवा, याला माझा पाठिंबा. पण मग तुम्ही स्टेशन एक आहे असं मानताय! पहिल्या पोस्टमध्ये ते दोन होते.

आणि आता तिसरं दादरही आलंय. मेट्रो ३ चं दादर मे २०२५ मध्ये सुरू झालं, पश्चिमेला गोखले रोडखाली. नाव दादर, पण लोकलच्या फलाटापासून तिथपर्यंत बाजारातून वाट काढत चालायचं. नवखा माणूस "दादरला भेटू" म्हणून जमिनीखाली उभा आणि तुम्ही बारा नंबरवर.

मधला_पूल

मेट्रोचा मुद्दा बरोबर. ती वाट थेट पुलाने जोडली तर फूलबाजारातली निम्मी रेटारेटी कमी होईल, असं मला वाटतं.

चौथी_सीट, दुपारच्या पॅसेंजरबद्दल: टोकाचे फलाट, म्हणजे आताचे १३ आणि १४, लोकलच्या रोजच्या धावपळीपासून बाजूला आहेत. फलाट अडण्याचा प्रश्न तिथे येत नाही, प्रश्न बाहेर पडल्यावरच्या मार्गाचा आहे. फुलबाजार यांनी तेच लिहिलंय.

दिव्याला_उतरा

आमच्या मंडळाकडून पॅसेंजरसाठी पुन्हा निवेदन जाणार आहे, त्यात परळ-कुर्ला वाढीव मार्गांची मागणीही घालायला सांगतो. फुलबाजार, ते चार मार्गांचं सोप्या भाषेत दहा ओळींत लिहून द्याल का? आमच्याकडे गाडी कुठून सुटते ते सगळ्यांना माहीत असतं, रूळ किती आहेत ते कोणालाच नाही.

फुलबाजार

देतो. रविवारी, मेगाब्लॉकमध्ये घरी अडकलो की.