दया आपल्याआधी पोचलेली असते : तुमचे अनुभव लिहा

नगरची_लेक
काल चर्चमध्ये उपासनेत बायबलमधलं एकोणसाठावं स्तोत्र होतं. शौल राजाची माणसं दाविदाला मारायला त्याच्या घरावर पाळत ठेवून बसलीत आणि दावीद म्हणतोय, देव दयेनं मला सामोरा येईल. 'सामोरा' ऐकलं आणि 26 जुलै 2005 डोळ्यांपुढे आली. कुर्ल्याला लोकल ठप्प, मला सहावा महिना, फोन लागेना. दोर धरून कमरेएवढ्या पाण्यातून चालतेय. एका चाळीतल्या आजींनी हाताला धरून वर घेतलं, कोरडी साडी दिली, ताटलीत गरम खिचडी. एवढी कुणासाठी केलीत विचारलं तर म्हणाल्या, "तीनलाच टाकली. पाऊस बघून वाटलं, कुणीतरी येणार." मी ऑफिसातून निघाले चारला!

पार्लेकर५७
त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिमी. आम्ही रात्रभर बसच्या टपावर. आमच्यासाठी कुणी आलं-बिलं नाही हो. कंडक्टरनं स्वतःच्या डब्यातली चपाती वाटली, तेवढंच.

मनू
तेवढंच काय काका 😀

रानजाई
काटा आला. बाळ कसंय?

नगरची_लेक
बाळ आता मला गाडीवर मागे बसवतं. खिचडीला मात्र नाक मुरडतं.

दिंडी_क्र_माहीत_नाही
2020 ला माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, आम्ही घरीच. सासरे तेव्हा ऑक्सिजनवर. वारी चुकली म्हणून मी रडत होते, तर फोनवर धापा टाकत म्हणाले, "अगं, अठ्ठावीस युगं उभाय, पाय अवघडलेत त्याचे. या वर्षी तोच येईल चालत." आले घरी. सासरे म्हणतेय. टायपो नाही, दोघंही म्हणा.

अबोली_क
आमच्याकडे नाही आलं कुणी. 2021, धाकटा भाऊ. धागा वाचतेय, पण लिहवत नाही.

नगरची_लेक
ताई, दाविदानं स्तोत्रांत तक्रारीही भरपूर केल्यात, आणि त्या काढून टाकल्या नाहीत कुणी. तुम्हीही लिहा. नाही लिहिलंत तरी बसा इथे.

अबोली_क
बसते. कुकर लावलाय, शिट्ट्या मोजतेय.

रानजाई
❤️ काय लावलंय?

अबोली_क
खिचडीच. तुमच्यामुळे.

पार्लेकर५७
मुगाची की तुरीची?

मनू
काका, धागा भरकटवू नका. (तुरीची. वर कच्चं तेल.)

दिंडी_क्र_माहीत_नाही
कच्चं तेल?? तूप कुठे गेलं