लंडन मॅरेथॉन: व्हीलचेअरची शर्यत नीट कुठून दिसेल? (सोबत सासरे आणि त्यांचं स्टॉपवॉच)

सातवी_ब

मंडळी, २७ एप्रिल २०२५ ला लंडन मॅरेथॉन आहे आणि माझ्या घरात वाद पेटलाय. सासरे दोन महिन्यांसाठी आलेत. जन्मभर शाळेत पी.टी. शिकवलेला माणूस, निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली तरी स्टॉपवॉच सामानातून आणलंय. परवा जेवताना मी सहज बोलून गेले की व्हीलचेअरवाले दीड तासाच्या आत मॅरेथॉन संपवतात. बाबांनी हातातला घास तसाच धरला. "बेचाळीस किलोमीटर? शक्य नाही. मग ती सायकल असणार." व्हिडिओ दाखवला, तर म्हणाले व्हिडिओ पळवलाय.

आता प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय सुटका नाही. मागच्या वर्षी मी एकटी टॉवर ब्रिजवर गेले होते, तिथे लोकांच्या पाठी आणि वर धरलेले फोन यांपलीकडे काही दिसलं नाही. बाबांचा गुडघा दुखतो, सलग उभं राहवत नाही. कुठे नेऊ? आणि त्या खुर्चीला गिअर असतात का? त्यांना सगळ्यांच्या आधी का सोडतात, हेही सांगा. बाबांच्या मते ती "सवलत" आहे.

उगाच_आपलं

टॉवर ब्रिज सोडून कुठेही. आणि स्टॉपवॉचचे सेल बदलून घ्या.

वूलिचकर

ताई, 'द हायवे' नावाच्या रस्त्यावर जा. टॉवर ब्रिज उतरला की मार्ग उजवीकडे वळून या रस्त्याला लागतो, तेव्हा तेरावा मैल चालू असतो. मग कॅनरी वॉर्फला वळसा घालून स्पर्धक पुन्हा याच रस्त्याने परततात, तेव्हा बावीसावा. म्हणजे जागा न सोडता तीच माणसं दोनदा दिसतात, एकदा जवळून आणि एकदा रस्त्याच्या पलीकडच्या अंगाने. शॅडवेल स्टेशनवरून चालत जाता येतं. घडीचं स्टूल न्या. आधी लिफ्ट चालू आहे ना ते बघा. एका वर्षी आम्ही आईला घेऊन एका स्टेशनात अडकलो होतो, तिथली लिफ्ट नेमकी त्याच दिवशी रुसली होती.

वेळेचा हिशोब सोपा आहे. पहिले व्हीलचेअरवाले सुटल्यापासून साधारण पाऊण तासाच्या आतच तुमच्यासमोर येतील आणि सव्वा तासाच्या आसपास परततील. कोण किती वाजता सुटणार ते त्या वर्षीच्या वेळापत्रकात बघा, पण चाकं पहिली हे नक्की. त्यात सवलत कसली? सुरुवातीला ब्लॅकहीथपासून वूलिचकडे पहिले तीन मैल उतार आहे. (आमच्या गल्लीच्या तोंडावरून जातात, म्हणून सांगतो, त्या उतारावर ते सुसाट असतात.) धावणाऱ्यांच्या मागून त्यांना सोडलं तर काय होईल ते बाबांनाच विचारा. शाळेच्या मैदानावर पहिलीची मुलं पळत असताना मागून दहावीच्या पोरांची सायकल शर्यत सोडतील का ते?

तीन_चाकं

"सायकलच ना ती" हे मी आठवड्यातून एकदा ऐकते, त्यामुळे रागावत नाही. मी क्लबात रेसिंग चेअर चालवते. मॅरेथॉन अजून केलेली नाही, दहा किलोमीटरपर्यंत मजल आहे.

व्हीलचेअर म्हटलं की दवाखान्यातली खुर्ची डोळ्यासमोर येते. ती पुसून टाका. मागे दोन मोठी चाकं, वरच्या बाजूला आत कललेली. पुढे लांब दांड्याच्या टोकाला एक छोटं चाक. नियमाने मोठं चाक ७० सेंटिमीटरपेक्षा आणि छोटं ५० पेक्षा मोठं चालत नाही. गिअर नाही, साखळी नाही, तरफ नाही. हातानं पॅडल फिरवायची ती हँडसायकल, तो प्रकारच वेगळा, या शर्यतीत ती चालत नाही. आमच्यात बरेच जण गुडघे पोटाखाली दुमडून बसतात, छाती जवळजवळ मांड्यांवर. चाकाला बाहेरून एक लहान कडं असतं, तेवढ्यालाच हात लावायचा. लोकांना वाटतं आम्ही ते पकडून फिरवतो. पकडायला वेळच नसतो हो! कडक हातमोज्याने कड्यावर ठोसा मारायचा, खालपर्यंत रेटायचा आणि सोडायचा. पहिल्या महिन्यात माझ्या कोपरांच्या आतली सगळी कातडी टायरने सोलली होती.

चढावर आम्ही रडतो, कारण ठोसा थांबला की खुर्ची थांबते. सपाटीवर दुसऱ्याच्या मागे चिकटून वारा वाचवायचा. वळणावर मात्र ब्रेक कधी लावायचा हे ज्याला कळतं तो पुढे निघतो.

बाबांसाठी आकडे: मार्सेल हूग, स्वित्झर्लंडचा, २०२१ मध्ये जपानमधल्या ओइता इथे १ तास १७ मिनिटं ४७ सेकंद. ताशी साडेबत्तीस किलोमीटर पडतात. पायांनी धावणारा केनियाचा केल्विन किप्टम २०२३ मध्ये शिकागोला २:००:३५ धावला, तो वेग ताशी एकवीस. हूगचं हेल्मेट चंदेरी असतं, लगेच ओळखू येईल. लंडनला तो २०२१ पासून ओळीने जिंकतोय. आणि आमच्यासारखाच चाकांवरचा, ब्रिटनचा डेव्हिड वेअर दिसला तर माझ्या वतीनेही ओरडा. लंडन आठ वेळा जिंकलाय, २०१२ च्या पॅरालिम्पिकमध्ये मॅरेथॉन धरून चार सुवर्णं.

एक विनंती. टाळ्या वाजवा, नाव घेऊन ओरडा, पण "बिचारे" म्हणू नका. ऐकू येतं.

सातवी_ब

बाबांना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. "बिचारे" वर जरा गप्प झाले. मग कागद-पेन घेऊन साडेबत्तीसचा हिशोब पडताळला. बरोबर निघाल्यामुळे थोडे नाराज आहेत. आता नवीन शंका: "बक्षीस अर्धंच देत असतील."

वूलिचकर

२०२४ पासून सारखं. पहिल्याला ५५,००० डॉलर, धावून जिंका की चाकांवर. त्याआधी फरक होता, तेव्हा बाबांची शंका अगदीच चुकीची नाही. लंडन मॅरेथॉन १९८१ ची, व्हीलचेअरची शर्यत १९८३ ची. त्या पहिल्या वर्षी जिंकणाऱ्या गॉर्डन पेरीला ३ तास २० मिनिटं ७ सेकंद लागली होती. तेव्हाच्या खुर्च्या काय असतील विचार करा.

सातवी_ब

जाऊन आलो! उशीर झाला लिहायला, ऊन लागलं सगळ्यांना.

द हायवेवर पुढची जागा मिळाली. बाबांनी स्टूल मला दिलं आणि स्वतः रस्त्याकडेने पावलं मोजत फिरले. दिव्याच्या दोन खांबांमध्ये तीस मीटर अंतर ठरवलं. पहिला आला तेव्हा त्यांचं बटण दाबायचंच राहिलं. चंदेरी काहीतरी गेलं आणि एक आवाज, पावलांचा नाही, चाकांची घुमघुम आणि त्यावर हातमोज्यांचे चटके. बाबा नुसते तोंड उघडं ठेवून. मागून आलेल्या एकाला मात्र पकडलं: ३.७ सेकंद. ताशी एकोणतीस. "हाताची चूक धर, अठ्ठावीस ते तीस," असं शेजारच्या अनोळखी इंग्रज बाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

परतीच्या वेळी गुडघा विसरून उभेच होते. धावणारे आले तेव्हा बसले. पुरुषांची धावण्याची शर्यत केनियाच्या सावेने २:०२:२७ मध्ये जिंकली, त्यावर "बरं धावला" एवढंच.

घरी आल्यावर निकाल बघितले. हूग १:२५:२५. बायकांमध्ये कॅथरीन डेब्रुनर १:३४:१८, आणि तिचाच बर्लिनचा २०२३ चा विश्वविक्रम १:३४:१६. फक्त दोन सेकंद! रात्रीपासून बाबांनी मार्गाचा नकाशा पुढ्यात घेतलाय. 'तीन_चाकं', त्यांचा प्रश्न जसाच्या तसा देते: "कटी सार्क जहाजाच्या वळणावर त्या मुलीने ब्रेक लावला असेल का, आणि लावला असेल तर किती?"