बोअर युद्धाचं पदक: पुढची बाजू कोणती?

नगरचा_नाणेवेडा: मित्राकडे चांदीचं एक पदक आलंय. त्यावर 'अँग्लो-बूरे ओर्लोग' (म्हणजे इंग्रज-बोअर युद्ध) आणि १८९९-१९०२. एका बाजूला सिंह, बंदूकधारी माणूस, गाडा, मधोमध जहाजाचा नांगर. दुसरीकडे झाड आणि शिंगं. कडेवर 'बर्ग.' आणि पुढे नाव. राजाचा चेहरा कुठेच नाही. सुलटी बाजू कोणती धरायची?

जुनी_पदकं: दोन्ही सुलट्या! दक्षिण आफ्रिकेतल्या बोअरांची, म्हणजे मुख्यतः डच वंशाच्या वसाहतकऱ्यांची, दोन प्रजासत्ताकं इंग्रजांशी लढली: नांगराची बाजू ट्रान्सवालची, झाडाची ऑरेंज फ्री स्टेटची. जो ज्या प्रजासत्ताकाकडून लढला, त्यानं ती बाजू समोर ठेवून पदक लावायचं. मला ही कल्पना फार आवडते. दोघांपैकी कुणालाच पाठीमागे टाकलेलं नाही. फितीतही दोन्ही झेंड्यांचे रंग आहेत.

'बर्ग.' म्हणजे बर्गर, साधा नागरिक-सैनिक. तोफखाना आणि पोलीस सोडले तर बोअरांकडे खडं सैन्य नव्हतंच. शेतकरी आपापलं घोडं घेऊन कमांडोत, म्हणजे आपल्या भागातल्या घोडेस्वार तुकडीत, जायचे.

सदाशिव_पेठी: पण १९०२ च्या तहानं ही राज्यं संपून इंग्रजांकडे गेली ना? मग पदक दिलं कुणी?

जुनी_पदकं: युनियन ऑफ साउथ आफ्रिकेच्या सरकारनं, १९२० साली. म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातल्याच सरकारनं, साम्राज्याविरुद्ध लढलेल्यांना! पंतप्रधान होते स्मट्स, स्वतः बोअर सेनापती. पहिल्या महायुद्धात लढलेल्यांना पदकं मिळाली होती, पण त्यांच्यातल्याच जुन्या बोअरांच्या आधीच्या लढाईची खूण छातीवर कुठेच नव्हती.

अट मात्र कडक: ३१ मे १९०२ च्या तहाआधी शरण गेलेला किंवा इंग्रजांशी निष्ठेची शपथ घेतलेला नको. अर्जही स्वतःच करायचा. युद्धकैदी मात्र चालत. आणि नगरकर, तुमच्या गावातही बोअर कैद्यांची छावणी होती! हिंदुस्थानात आणलेल्या काहींनी तर तहानंतरही शपथ नाकारली आणि ते इथंच अडकून राहिले.

नगरचा_नाणेवेडा: हे ठाऊकच नव्हतं! मग अधिकाऱ्यांनाही हेच पदक?

जुनी_पदकं: विशेष कामगिरी केलेल्या अधिकाऱ्यांसाठी वेगळा सन्मान, 'डेकोराती फोर ट्राउवे डीन्स्ट', म्हणजे निष्ठावंत सेवेचा सन्मान. तोही १९२० चाच, चांदीचा आणि दोन्ही प्रजासत्ताकांची चिन्हं असलेला. जखमींना वेगळी फीत मिळे.

मित्राला सांगा, पदक घासूनपुसून चकचकीत करू नका, कडेवरचं नाव झिजेल. त्या नावावरून दक्षिण आफ्रिकेच्या संरक्षण अभिलेखागारात मूळ अर्ज शोधता येतो. हा माणूस कुठल्या कमांडोत होता, कुठे लढला, हे त्यानं स्वतः सांगितलेलं तिथं सापडू शकतं.